कडेगावच्या रंगातला स्टेशनमास्तर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मित्रांनो, पुढे हसण्यासारखं फार नाही. मी एक जुना रबरी बोकड आहे. उंची वीतभर, अंगात एके काळी निळा असलेला कोट, हातात हिरवा झेंडा आणि हुद्दा स्टेशनमास्तर. सध्या मुक्काम कुपवाडला, मानसिंगच्या घरातल्या काचेच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यावर. माझ्या शेजारी चौकटीत बसवलेला एक कागद उभा केलेला आहे. घरी येणारा पाहुणा आधी तो कागद वाचतो, मग माझ्याकडे बघून मान डोलावतो. त्या कागदावर माझ्याबद्दल खोटं लिहिलेलं आहे. खरं काय ते मी सोडून तीनच माणसांना ठाऊक आहे, आणि ती तिघंही बोलत नाहीत. म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म परदेशातल्या एका रबरी खेळण्यांच्या कारखान्यात झाला. तेव्हा तिकडे एक कार्टूनचा सिनेमा आला होता, एकेक चित्र हातानं काढून केलेला. डोंगरातल्या एका लहानशा स्टेशनवर एक बोकड स्टेशनमास्तर असतो. त्याच्या स्टेशनवर एकही गाडी थांबत नाही. तरी तो रोज कोट घालतो, फलाट झाडतो आणि धडधडत जाणाऱ्या प्रत्येक गाडीला झेंडा दाखवतो. सिनेमाभर एवढंच घडतं, तरी लोक डोळे पुसत बाहेर यायचे म्हणे. त्या बोकडाची खेळणी शेकड्यांनी निघाली. आम्हा सगळ्यांचं तोंड सारखं होतं, भुवया सारख्या होत्या आणि चेहऱ्यावर एकच गरीब भाव होता. सातशे भावंडांत मला कुणी वेगळं काढून दाखवलं असतं, तर मी स्वतःलासुद्धा ओळखलं नसतं.

कडेगावला मला आणलं ते तात्याबांनी. तात्याबा म्हणजे मानसिंगचे चुलते. ते फौजेत होते, शांतिसेनेच्या तुकडीबरोबर परदेशात गेले होते. तिथल्या जुन्या बाजारात मी एका टोपलीत पडलो होतो. त्यांनी मला ओळखून वगैरे घेतलं नाही. सुट्टीवर आल्यावर लोखंडी ट्रंक उघडून म्हणाले, "बकरं हाय. पोराला खेळाय हुईल."

पण ट्रंकेपाशी बसलेल्या दोन पोरांनी मला ओळखलं आणि अशी किंकाळी फोडली, की शेजारची माणसं धावत आली. एक मानसिंग, दुसरा त्याचा दोस्त चांदसाहेब. त्या दोघांनी मानसिंगच्या सोप्यातल्या टीव्हीवर एका रविवारी तोच सिनेमा पाहिला होता. भाषा कळली नव्हती, पण बोकड कळला होता. त्यानंतर कित्येक दिवस ती दोघं उसाच्या बांधावर उभी राहून जाणाऱ्या प्रत्येक एस्टीला फडकं दाखवत होती. आता त्यांचा मास्तर चालून घरी आला होता.

मित्रांनो, मग मी जे दिवस पाहिले ते सगळ्या खेळण्यांच्या नशिबात असोत. शेताला पाणी नेणाऱ्या पाटाच्या कडेनं माझं स्टेशन असायचं. काडेपेट्यांची गाडी असायची. चांदसाहेब तोंडानं शिट्टी वाजवायचा, मानसिंग मला धरून झेंडा हलवायचा. एका दुपारी दोघं मला गोठ्यात विसरले आणि वासरानं माझी सुटी रबरी टोपी चघळून चघळून गिळून टाकली. मानसिंग जेवला नाही त्या दिवशी. चांदसाहेबानं वहीच्या पुठ्ठ्याची टोपी करून माझ्या डोक्याला दोऱ्यानं बांधली. ती चार दिवसांत भिजून गेली, पण त्यानं ती केली होती, हे मी विसरलो नाही.

पुढे पोरं मोठी झाली. मानसिंग कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर लागला. चांदसाहेब वडिलांच्या हाताखाली पेंटरकी शिकला आणि कडेगावातच त्यानं 'चाँद आर्ट' काढलं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रेलरच्या फळ्या. मी मात्र तात्याबांच्या ट्रंकेत लोकरी मोज्यांच्या खाली पडून राहिलो. किती वर्षं ते विचारू नका. निळा कोट राखाडी झाला, तोंडावरचा रंग पापुद्रे धरून गळाला. मला राग आला नाही. मुलं मोठी होतात, त्यात कुणाचा दोष नसतो.

तात्याबा गेल्यावर ट्रंक उघडली ती मानसिंगनंच. तोवर त्याची चाळिशी आली होती. मला हातात घेऊन तो उंबऱ्याबाहेर आला आणि गाडीला किक मारून थेट चाँद आर्टवर आला.

"चांद्या, कोण आलंय बग."

चांदसाहेबानं हातातला ब्रश डब्यात टाकला. "आयला! मास्तर! आवं कुटं हुता इतकी वर्सं?"

"जरा पुसून दे गड्या. आन् टोपीचं काय तरी बग."

आता इथं एक गोष्ट समजून घ्या मित्रांनो, सगळं पुढचं महाभारत तिच्यावरून झालं. आमच्या भागात ज्या वस्तूवर माया असते तिला माणूस रंग देतो. बेंदराला बैलाची शिंगं रंगतात, जत्रेआधी देवळाचा दरवाजा रंगतो, हंगामाआधी ट्रेलर रंगतो. जुनाट तशीच ठेवली तर लोक म्हणतात, हिला कुणी वाली नाही. तेव्हा चांदसाहेबानं मला नुसतं पुसलं नाही. त्यानं तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. नळाची गळती बुजवायला दोन गोळे एकत्र मळून लावतात ना, त्या लांबीची त्यानं माझ्या डोक्यावर टोपी घडवली. तिला काळी चकचकीत कड केली, पुढे बोटाएवढा बिल्ला केला. कोटाला ट्रेलरचाच निळा ऑइलपेंट दिला. आणि तोंड करताना डावी भुवई वर उचलली. विनातिकीट माणूस समोर दिसल्यावर उचलावी तशी. शेवटी मला उलटं करून तळपायावर बारीक अक्षरांत लिहिलं, 'चाँद आर्ट, कडेगाव'.

मानसिंगनं मला पाहिलं, वाकून भुवई बघितली. मग हसत हसत रंगाच्या डब्यावर बसला. "चांद्या, ह्यो तर जित्ता झाला रं!"

आणि तेव्हाच चांदसाहेबानं, मला त्याच्यापुढे धरून, कुठून काढला कुणास ठाऊक, एक जाड, थोडा नाकातला, लई दिवस तंबाखू सोडलेल्या माणसासारखा आवाज काढला, "पाव्हणं, हसताय काय? तिकीट दावा."

तो माझा आवाज होता. त्याआधी मला आवाज नव्हता. सिनेमातला बोकड परक्या भाषेत हळुवार बोलायचा, तो आवाज माझा कधी वाटलाच नाही. सातशे भावंडांतून मी त्या दिवशी वेगळा झालो. खरा जन्म कुठला म्हणाल तर मी कडेगावच सांगेन.

मग दोघांच्या डोक्यात खूळ शिरलं. त्या जुन्या सिनेमाची आपल्या भाषेत नक्कल करायची आणि मोबाइलवर टाकायची. चॅनेलचं नाव ठेवलं 'कडेगाव जंक्शन'. कडेगावला रेल्वे नाही मित्रांनो, रूळ बघायचे तरी दुसऱ्या तालुक्यात जावं लागतं, त्यामुळे नाव सगळ्यांना पटलं. दर रविवारी मानसिंग कुपवाडहून यायचा. चांदसाहेबाच्या शेडमध्ये रिकाम्या ट्रेलरवर माझं स्टेशन मांडलं जायचं. बांधायच्या तारेचे रूळ, टूथपेस्टच्या खोक्यांची गाडी. मला केसभर सरकवायचं, फोटो काढायचा, परत केसभर सरकवायचं. एक सेकंद चालायला मला बारा वेळा हलवावं लागायचं. गुडघे नसल्यामुळे मी घसरत चालायचो, लोकांना तेच आवडलं. आवाज चांदसाहेबाचा. प्रवासी म्हातारीचा आवाज त्याच्या बायकोचा, शमशादचा. ती भाकरी थापता थापता यायची, पिठाच्या हातानंच बोलायची आणि परत जायची.

"आवं मास्तर, कराडला जायाची गाडी कवा हाय?"

"गाडी हाय की मावशी. फकस्त थांबत न्हाई."

"मग मी चडू कशी?"

"तुमी कशाला चडताय? गाडी बगायची, हात करायचा, आन् एस्टीनं जायाचं."

ह्या चार वाक्यांनी मला साताऱ्यापासून मिरजेपर्यंत पोचवलं. लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. कराडच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला टेबलावर उभं केलं, तर इंजिनिअर होऊ घातलेली पोरं फोटोसाठी रांग लावून होती. ट्रेलरवाले चांदसाहेबाकडे येऊन म्हणायचे, "फुलं नगंत. मास्तर काढ, भुवईसकट." त्या वर्षी ऊस घेऊन कारखान्याकडे चाललेल्या कितीतरी ट्रेलरच्या मागं मी होतो. मी खोटं नाही सांगत, मला गर्व झाला. रबराचा असलो म्हणून काय झालं?

असंच चाललं असतं तर मी तुमच्याशी बोलायला आलोच नसतो.

मानसिंगला जुन्या कार्टून सिनेमांचं वेड लहानपणापासूनच होतं, पण त्याच्यासारखी वेडी माणसं त्याला कधी भेटली नव्हती. कारखान्यात तो सिनेमाबद्दल बोलायला लागला की माणसं म्हणायची, "मानसिंग, पोरांचं बगतोस व्हय अजून?" मग त्याला मोबाइलवर एक ग्रुप सापडला. पुण्याची, मुंबईची, कोल्हापूरची माणसं. कुणाकडे सिनेमाची जुनी पोस्टरं, कुणाकडे खेळणी, कुणाकडे चित्रांची मूळ पानं. ही माणसं माझा सिनेमा दृश्यागणिक पाठ सांगायची. बोकड तिसऱ्या गाडीला झेंडा दाखवतो तेव्हा ढग कुठल्या बाजूला असतो, यावर दोन दिवस वाद घालायची. मानसिंगला जिवाभावाची माणसं मिळाल्यासारखं झालं. जेवताना, कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीत, सारखा तो त्या ग्रुपवर. आणि एक दिवस त्यानं मोठ्या हौसेनं माझा फोटो टाकला.

उत्तर आलं, "रिपेंट केलाय का? अरेरे. मग संपला हा पीस."

दुसऱ्यानं लिहिलं, "ट्रॅक्टरचा रंग वाटतोय." त्यापुढे हसणारी पिवळी तोंडं. एकापुढे एक, मोजली नाहीत मी.

ह्या लोकांचा कायदा उलटा होता मित्रांनो. वस्तूवर माया असेल तर तिला हात लावायचा नाही. धूळसुद्धा कारखान्यातली असेल तर उत्तम. आमच्याकडे ज्याला सन्मान म्हणतात, त्याला तिथं वस्तूचा खून म्हणतात. कोण बरोबर आणि कोण चूक, ते मला ठरवता येत नाही. मला एवढंच कळलं, की मानसिंग कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं माझा फोटो काढून टाकला.

महिन्याभरानं सांगलीत त्या ग्रुपनं जुन्या कार्टून सिनेमांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. पुण्याहून एक परीक्षक येणार होते. जी वस्तू अस्सल आणि कुणी हात न लावलेली असेल, तिला ते प्रमाणपत्र देणार होते. तो रंगवलेला वेगळा, हा दुसरा मिळालाय, असं सांगून मानसिंगनं माझं नाव दिलं.

पुढच्या रविवारी तो कडेगावला गेलाच नाही. कुपवाडच्या घरी, भर दुपारी, मोरीत पाट टाकून बसला. शेजारी थिनरची बाटली आणि जुना दातघासणीचा ब्रश. त्याला वाटलं असावं, वरचा रंग गेला की खालचा जुना रंग तसाच मिळेल. थिनरला वरचं कुठलं आणि खालचं कुठलं काय कळतंय? आधी कोट गेला. मग बिल्ला गेला. मग त्यानं माझ्या तोंडावर ब्रश ठेवला.

मित्रांनो, मला दुखत नाही. रबराला दुखत नाही असं सगळे म्हणतात, आपणही म्हणू या. पण डावी भुवई गेली तेव्हा मला कळलं, की आता मला कुणी ओळखणार नाही. खाली कारखान्याचा रंग निघालाच नाही, निघालं ते पिवळट कोरं तोंड. मानसिंगचा हात थांबला. तो घाबरलेला दिसला मला. "आयला," एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता तो मला पिशवीत घालून कडेगावला पळेल, चांद्याच्या पायाशी ठेवेल. तसं केलं असतं तर मी सगळं पोटात घातलं असतं. त्यानं मला उलटं केलं आणि तळपायावरचं नाव घासून काढलं. टोपी मात्र निघेना. सुरीनं खरवडली तर माझ्या कानाचा टवका उडाला, टोपी जागची हलली नाही. चांदसाहेबाचं काम कच्चं नव्हतं.

प्रदर्शनाचा हॉल झकपक होता. माझ्यावर दिवा सोडला होता, खाली मखमल. आता एक कबूल करतो, मला लाज वाटते पण करतो. त्या दिव्याखाली उभं राहून मला बरं वाटलं. लोक हळू आवाजात बोलत होते, वाकून बघत होते. "डोंगर स्टेशनचा मास्तर! ओरिजिनल!" असं म्हणत होते. क्षणभर मीही विसरलो माझं तोंड कुठं गेलं ते.

परीक्षक भिंग घेऊन आले. सभ्य माणूस होता, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी कोट बघितला, पाय बघितले. "रंग वयानं गेलाय," म्हणाले. "प्रामाणिक जुना पीस आहे." मग त्यांचं भिंग टोपीवर थांबलं.

"ही टोपी मूळची नाही. लांबी आहे ही. तुम्ही केलीत?"

"न्हाई, न्हाई साहेब."

"मग कुणी?"

त्याच वेळी मला हॉलच्या दारातून दोन ओळखीची माणसं येताना दिसली. चांदसाहेब आणि शमशाद. मानसिंगनं त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की मास्तरला सांगलीत बक्षीस मिळणार आहे. शमशादनं ठेवणीतली साडी नेसली होती. चांदसाहेबाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. मानसिंगची पाठ त्यांच्याकडे होती. ती दोघं येऊन त्याच्या मागं दोन पावलांवर उभी राहिली.

"मला असाच मिळाला," मानसिंग म्हणाला. "आधीच्या कुणीतरी अडाण्यानं केलेलं दिसतंय. काय म्हायती कोण हुता."

शमशाद माझ्याकडे बघत होती. तिनं मला ओळखलंच नाही आधी. मग टोपी बघितली, आणि तिचा हात नवऱ्याच्या दंडावर गेला. "आवं, भुवई," ती हळूच म्हणाली. "मास्तरची भुवई कुटं गेली?"

मानसिंग गर्रकन वळला. परीक्षकांनी चांदसाहेबाच्या बोटांकडं बघितलं, नखांत निळा रंग होता. कुणालाही शंका यावी असा. त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का, हे काम कुणाचं?"

बोल, म्हणालो मी मनात. बोल चांदसाहेब. सांग ना, ही टोपी मी केली, ह्या बोकडाला मी बोलायला शिकवलं, आणि समोरचा माणूस माझ्याबरोबर पाटावर काडेपेट्यांची गाडी चालवत होता. एक शब्द बोलला असता तर मानसिंगची त्या सगळ्या माणसांपुढं, ज्यांच्यासाठी त्यानं हे केलं होतं त्यांच्यापुढं, पार शोभा झाली असती.

चांदसाहेबानं माझ्याकडे बघितलं. मग मानसिंगकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्याकडलं न्हाई वाटत ह्ये. कुणाचं तरी गावठी काम हाय."

एवढं बोलून त्यानं पेढ्यांचा पुडा मानसिंगच्या हातात दिला. "अभिनंदन मानसिंगराव," म्हणाला, आणि शमशादला घेऊन निघून गेला.

मानसिंगराव! मित्रांनो, ज्याला तो जन्मभर 'मान्या' म्हणत आला, त्याला त्यानं राव लावला. मला त्या एका शब्दानं जे झालं ते थिनरनंही झालं नव्हतं. मानसिंग पुडा धरून तसाच उभा. त्याच्यामागं धावून जायला त्याला दहा पावलं होती. तो गेला नाही. टोपीचा शेरा मारून का होईना, प्रमाणपत्र लिहून व्हायचं होतं.

तेच प्रमाणपत्र माझ्याशेजारी उभं आहे. त्यात लिहिलंय, 'मूळ वस्तू. रंगकामात कोणताही हस्तक्षेप नाही. टोपी: अज्ञात व्यक्तीने केलेली निकृष्ट दुरुस्ती.' पाहुण्यांना हा कागद वाचून दाखवताना मानसिंग टोपीचं वाक्य गाळतो. मी रोज ते वाचतो. दुसरं वाचायला इथं काही नाही.

चॅनेल बंद पडलं. लोकांचे निरोप यायला लागले, मास्तर कुठं गेला, मावशीला गाडी मिळाली का. दीडएक महिना मानसिंगनं कळ काढली. मग एका रविवारी मला पिशवीत घालून कडेगावला निघाला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेडमधला ऑइलपेंटचा वास आला आणि वाटलं, सुटलो.

चांदसाहेब ट्रेलरच्या फळीवर मोर काढत होता. त्यानं काम थांबवलं, खुर्ची पुसून दिली, आत चहा सांगितला. भांडण नाही, टोमणा नाही. त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

"चांद्या," मानसिंग म्हणाला, "चुकलं गड्या माजं. परत रंगव ह्येला. भुवई कर. आपुन परत चालू करू."

चांदसाहेबानं मला हातात घेतलं. अंगठ्यानं माझं कोरं तोंड चाचपलं, कानाचा टवका चाचपला, मग मला उलटं करून तळपाय बघितला. तिथं फक्त घासल्याचे ओरखडे होते.

"रंगवतो की," तो म्हणाला. "येक करा. त्या कागदाचा फोटू मला बी आलाय मोबाइलवर. त्यात अज्ञात लिवलंय, तितं माजं नाव घालून आणा. चांदसाहेब, कडेगाव. बाकी निकृष्ट-बिकृष्ट असू दे तसंच. मला त्येचं काय न्हाई."

मित्रांनो, केवढीशी मागणी होती बघा. चारचौघांत माफी मागायलासुद्धा लावलं नाही त्यानं. नुसतं नाव. एक फोन, दोन ओळींचं पत्र, एवढ्यानं काम झालं असतं. मी मानसिंगच्या तोंडाकडे बघत राहिलो. हाच तो पोरगा, टोपी गेली म्हणून उपाशी राहिलेला. आता हो म्हणेल, आता म्हणेल.

"आरं, पन मग रंगाचं बी निघंल," मानसिंग खाली बघत म्हणाला. "त्येंनी प्रमाणपत्रच काढून घेतलं तर? ग्रुपमदनं काढलं तर? तिकडं आता जरा नाव झालंय माजं."

शमशाद चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले. "मानसिंगभाऊ," ती म्हणाली, "तुमचं नाव झालं. आमचं व्हतं त्ये पुसलं, त्येचं काय?"

चांदसाहेबानं मला परत मानसिंगच्या पिशवीत ठेवलं, अगदी जपून, झेंडा मुडपणार नाही असा. "चा घ्या, गार हुतोय," म्हणाला, आणि ब्रश उचलून मोराच्या पिसाऱ्याला लागला. चहा पिऊन मानसिंग उठला. मला तिथं ठेवून जायचं त्याच्या मनात आलं असतं तरी चाललं असतं. बिनतोंडाचा का होईना, मी त्या शेडमध्ये राहिलो असतो. पण त्यानं पिशवी उचलली.

आता मी काचेच्या आत आहे. धूळ बसत नाही, ऊन लागत नाही, मुलं हात लावत नाहीत. तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला, किती काळजी घेतलीय तुझी! हो, घेतली आहे. असल्या काळजीचा मला वीट आलाय. कधीमधी रविवारी मानसिंग कपाट उघडतो, मला टेबलावर उभं करतो, समोर मोबाइल लावतो आणि माझा आवाज काढायला बघतो. "आवं मावशी..." म्हणतो आणि थांबतो. तो आवाज त्याच्या गळ्यात नाही. मग तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो, मीच काहीतरी बोलेन अशी वाट बघत. मी बोलत नाही. मला येत नाही म्हणून नव्हे मित्रांनो, त्याच्याशी बोलायचं नाही म्हणून.

मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरी असतील, त्यांना रंग द्या नाहीतर देऊ नका, काचेत ठेवा नाहीतर पाटावर न्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यांची मोडतोड कुणीतरी बसून नीट केलेली असेल. कुणाच्या आईनं शिवलं असेल, कुणा दोस्तानं चिकटवलं असेल. चार मोठी माणसं जमलेली असतील आणि कुणी विचारेल, हे कुणी केलं? तेव्हा त्याचं नाव घ्या. तो तुमच्या मागं दोन पावलांवर उभा असू शकतो.